परत गेलेला खोका

प्रेमसिंग : आनं हे एक खोकं भरलेलं असलं तर किती वजनाचं असंन, म्याडम?

रुपाली : वजन? नायक, आल्यापासून तुम्ही कायकाय विचारून राह्यले. आधी विचारलं एका खोक्यात कोरोना तपासायच्या कीट किती, मी सांगितलं पंचवीस. मग विचारलं फ्रिजात ठेवा लागते काय. आता वजन. सात वर्षं झाली मला या दवाखान्यात रक्त-लघवी तपासून, खोक्याचं वजन कोणी नव्हतं विचारलं.

प्रेमसिंग : फ्रिजाचं उत्तर राह्यलं.

रुपाली : नाही लागत फ्रिज. तीस डिग्रीच्या आत ठेवा म्हणते कंपनी. आता आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात तीस डिग्री कुठून आणावी, ते काही खोक्यावर लिहिलं नाही.

राखी : बापू, वजन कायले पाह्यजे? फॉर्ममध्ये वजनाचा रकाना नाही. मोबाईल बावीस टक्क्यांवर आला. आधी ते भरू, मंग गप्पा करा.

रुपाली : कशाचा फॉर्म?

राखी : सरकार कायदा करून राह्यलं. साथ आली तर तपासणीचं सामान कमी पडू नये, आधीच भरून ठेवावं, असा. कच्चा मसुदा टाकला वेबसाइटवर आणि लोकायच्या हरकती-सूचना मागवल्या. आज शेवटचा दिवस. बापूनं पेपरात वाचलं तेव्हापासून मले पुसदले रोज फोन. राखी ये, राखी ये. मेडिकलवाल्या मालकाले सांगून आली, बापाची तब्येत बिघडली म्हणून.

प्रेमसिंग : खोटं कायले सांगतलं?

राखी : मंग काय सांगू? माह्या बापाले कायद्यात दुरुस्ती करायची आहे?

प्रेमसिंग : हो. तसंच सांगाचं.

रुपाली : बरं, पण कायद्याचं काम तर माझ्याकडं कायले आले?

प्रेमसिंग : कायद्यात लिवलेलं थोडंथोडं समजलं मले. चौथी शिकलो, पन वाचतो सारं. कीट मात्र नाई समजली. ज्या वस्तूबद्दल आपन सरकारले लिवून राह्यलो, ते एकदा तरी हातात घेतली पाह्यजे का नाई? मी कधी घेतलीच नाई.

रुपाली : घ्या ना, ही घ्या. पाकीट फक्त फोडू नका.

प्रेमसिंग : इतकीशी? मले वाटे मोठी मशीन-बिशीन असंन. हे तर चुन्याच्या डबीएवढी.

राखी : कोरोनात लहान लेकरायनं पण पाह्यली, बापू.

प्रेमसिंग : आपल्या तांड्यात नाई पाह्यली.

राखी : आपल्या तांड्यात नाही, कारण इथं नव्हती. या मॅडमच समोर आहेत, विचारा. सन एकवीसचा एप्रिल. याडीले, माह्या मायले, घेऊन तुम्ही इथं आले, अंगात एकशे तीन ताप. मॅडमनं दारातूनच सांगितलं, कीट नाही.

रुपाली : नव्हत्या, राखी.

राखी : कशा नव्हत्या? फुलसावंगीले होत्या. पुसदले होत्या. आपल्याच वाटेले कशा नव्हत्या? पुसदच्या ज्या दवाखान्यात नेलं, ते म्हणे रिपोर्ट दाखवा तर बेड देतो. नमुना यवतमाळले गेला. रिपोर्ट पाचव्या दिवशी आला, माह्या मोबाईलवर. पॉझिटिव्ह. याडी जाऊन दोन दिवस झाले होते. मी तो मेसेज अजून खोडला नाही, मॅडम.

रुपाली : माहीत आहे मला.

राखी : तुम्हाले एवढंच म्हणता येते. माहीत आहे.

प्रेमसिंग : राखी, जरा थांब.

राखी : चार वर्षं थांबलीच ना. तुम्ही त्यायले 'नमस्कार म्याडम' म्हणता, वावरातल्या तुरीच्या शेंगा आणून देता, आणि मले म्हणता थांब.

रुपाली : नायक, मघापासून खोकून राह्यले. कधीपासून आहे तुम्हाला?

प्रेमसिंग : कुठं? हं, हा. तीन दिवस झाले. आभाळ आलं ना.

रुपाली : आभाळाला राहू द्या. बसा या स्टुलावर, तपासूनच टाकू. कीट काय असते ते पाहायचंच आहे ना? आता चार खोके पडून आहेत, कोणी विचारत नाही त्यांना.

प्रेमसिंग : माह्यावर कायले खर्च करता? एखाद्या बिमाराले कामी येईन.

रुपाली : तीन दिवस खोकणारा माणूस बिमारच असते आमच्यात. मान मागं करा. ही कापसाची काडी नाकात जाईल, आतपर्यंत.

प्रेमसिंग : आतपर्यंत म्हंजे कुठवर?

रुपाली : तुम्ही बोलणं बंद कराल तिथवर.

राखी : मंग मॅडम, तुम्हाले लंबी काडी लागीन.

प्रेमसिंग : अगं बा! अबाबाबा!

रुपाली : झालं. झालं, नायक. डोळ्यात पाणी येतेच, पुसा. आता ही काडी या पाण्यात घोळायची, आणि इथं तीन थेंब टाकायचे. बस. पंधरा मिनिटं. एक रेघ आली तर काही नाही, दोन आल्या तर आहे. किती वाजले?

राखी : बारा दहा.

प्रेमसिंग : पंधरा मिनिटांत कळते?

रुपाली : हो.

प्रेमसिंग : पंधरा मिनिटांत. यवतमाळ नाई, पाच दिवस नाई?

रुपाली : नाही. इथंच.

प्रेमसिंग : बरं. मंग ही पंधरा मिनिटं वाया नको जाऊ देऊ. राखी, ते कलम वाच. सातवं.

राखी : सात. 'साथीच्या काळात तपासणी साहित्याचे वाटप प्रत्येक केंद्राच्या मागील सात दिवसांत नोंदवलेल्या वापराच्या प्रमाणात करण्यात येईल.'

प्रेमसिंग : हेच ते. ह्याच्यावर हरकत घ्याची आहे मले.

राखी : ह्याच्यात काय चुकलं? आमच्या मेडिकलमध्ये पण असंच आहे. जी गोळी खपते ते जास्त मागवतो. नाही खपत ते मागवत नाही.

प्रेमसिंग : आनं ज्या गावात गोळी नाई खपली त्या गावात बिमार नाई, असं समजता?

राखी : म्हणजे... साधारण तसंच.

प्रेमसिंग : म्याडम, तेव्हाही असंच होतं काय? एकवीस साली?

रुपाली : कायदा नव्हता, पण रीत हीच होती. दर सोमवारी तालुक्याला तक्ता जायचा. गाव, किती तपासले, किती निघाले. जिथं जास्त तपासले तिथं पुढच्या आठवड्यात जास्त कीट. माल थोडा, मागणारे शंभर. तालुक्यावर बसलेला माणूस तक्त्यात जे दिसते त्याच्यावरच वाटणार.

प्रेमसिंग : आनं जिथं शून्य?

रुपाली : तिथं निरंक लिहायचं. आणि निरंक असलं की पुढचा आठवडा कोरडा.

प्रेमसिंग : निरंक. हा शब्द मले माहीत आहे. त्या कागदावर मोठ्या अक्षरात लिवला होता.

राखी : कोणत्या कागदावर?

प्रेमसिंग : त्याच्याखाली माही सही आहे, राखी.

राखी : कोणत्या कागदावर, बापू?

रुपाली : नायक, आज नसलं सांगायचं तर राहू द्या.

प्रेमसिंग : नाई म्याडम, फॉर्मची आज शेवटची तारीख आहे. राखी, तू तवा पुसदलेच होती. याडी बिमार पडली त्याच्या नऊ दिवसांआधी हे म्याडम आपल्या तांड्यात आल्या होत्या. संगं नर्सबाई. पुरा खोका घेऊन. पंचवीस कीट.

राखी : तांड्यात? आपल्या?

प्रेमसिंग : सेवालाल महाराजांच्या देवळापुढं बसलो सारे. तांड्यातल्या भावसिंगले त्याच्या आधी पुसदले नेलतं, तपासलं, भरती केलं, आनं तो आला ते प्लास्टिकमध्ये बांधूनच. लोकायच्या मनात तेच. तपासलं का नेते, नेलं का येत नाई. अर्धे पोट्टेबाया तर जीप दिसल्याबरोबर नाल्यात जाऊन लपले. उरलेले म्हने, नायक, तुमी बोला. आपल्यात नायक बोलला का तांडा बोलला. मी बोललो. म्हटलं, आमच्याइथं कोनी खोकत नाई, कोनाले ताप नाई, तुमी जा.

राखी : होतं कोणाले?

प्रेमसिंग : होतं. चार-पाच जनाले होतं. मले माहीत होतं.

राखी : आणि सही?

प्रेमसिंग : म्याडमनं कागद काढला, म्हने मंग लिहून द्या. दिली लिहून.

रुपाली : मी तेव्हा एक विचारलं होतं तुम्हाला.

प्रेमसिंग : हो, ते पन सांगतो. म्याडम म्हने, नायक, आज नका करू, पन खोका राहू द्या आशाताईजवळ. दोन दिवसांनी मन बदललं तर कामी येईन. मी म्हटलं, नाई, न्या. खोका तांड्यात राह्यला तर लोकायले झोप नाई लागनार. जीप नाल्याच्या पलीकडं उभी होती. तर तुही याडी उठली. म्हने, या पोरी उनात कुठं वाहून नेतीन, म्हने हलकाच आहे, मी नेतो. आनं डोक्यावर घेऊन गेली जीपपर्यंत. चुंबळ पन नाई घेतली. वापस येऊन मले म्हने, पोरीयनं पानी पन नाई पेलं, त्यायले भेव वाटत असंन आपलं.

(वरचा पंखा कुरकुर करत फिरतो.)

राखी : म्हणजे खोका दारात आलता.

प्रेमसिंग : आलता.

राखी : दारात आलता, आणि मी साऱ्या दुनियेले सांगत फिरली का दवाखान्यात कीट नव्हती म्हणून माही याडी गेली. या मॅडमले मी झेंडावंदनाच्या दिवशी शंभर लोकायसमोर काय काय बोलली. तुम्ही तिथंच उभे होते, बापू!

प्रेमसिंग : होतो.

राखी : आणि तुम्ही पण, मॅडम. तुमच्याजवळ कागद होता. एकदा दाखवला असता.

रुपाली : आणि? आई गेलेल्या पोरीला बापाची सही दाखवायची? मग तिनं कोणाकडं जायचं होतं? शिवाय मी काही धुतल्या तांदळाची नाही, राखी. तक्ता मीच भरला होता. तांड्यानं तपासू दिलं नाही हे लिहायला त्यात रकानाच नव्हता. मी तपासले शून्य, निघाले शून्य टाकलं, शेरा निरंक. तालुक्यावर वाचणाऱ्याला वाटलं, चला, एक गाव चांगलं आहे. बाजूला पेनानं 'नकार' लिहिता आलं असतं. घाईत होते, नाही लिहिलं. नऊ दिवसांनी तुझे बापू आईला घेऊन आले, तेव्हा माझं कपाट रिकामं होतं. कशानं रिकामं होतं ते मला लगेच कळलं. त्यांनाही कळलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही.

राखी : मले जरा बाहेर जाऊ द्या. इथं रेंज पण कमी आहे.

प्रेमसिंग : राखी...

राखी : येतो, बापू. पळून नाही चालली.

प्रेमसिंग : गेली. आता नाई बोलत ते माह्याशी.

रुपाली : बोलेल. मोबाईल तिच्याच हातात आहे, फॉर्म भरायला तरी येईल.

प्रेमसिंग : म्याडम, ते नाई तवर एक विचारू? चार वर्षांपासून पोटात आहे. दुसरे सवाल त्याच्यासाठीच करत होतो, हिंमत होत नव्हती.

रुपाली : विचारा.

प्रेमसिंग : त्या खोक्याचं मंग काय झालं?

रुपाली : कोणत्या, तुमच्या?

प्रेमसिंग : हो. मले रातभर तेच दिसे. कुठंतरी उनात पडला, पंचवीसच्या पंचवीस खराब झाल्या, नाई तर कोनी फेकून देल्या. कोनाच्याच कामी नाई आला.

रुपाली : थांबा. जुनं रजिस्टर आहे इथं. अंदाजानं नाही सांगत... एप्रिल... हे पाहा. परत आलेला माल, एक खोका. त्याच संध्याकाळी फुलसावंगीला पाठवला. तिथं साथ उसळली होती.

प्रेमसिंग : वापरला?

रुपाली : दोन दिवसांत संपला. पंचवीस तपासले, नऊ निघाले.

प्रेमसिंग : ते नऊ? ते राह्यले?

रुपाली : आठ राहिले. एक म्हातारे होते, आधीचाच दमा. बाकी आठ घरी आले. त्यातली एक हंसाबाई तर बाजारात भाजी विकते, अजून मला दोन वांगी जास्त टाकते.

प्रेमसिंग : आठ.

रुपाली : हो.

प्रेमसिंग : हे मले कोनी काहून नाई सांगतलं?

रुपाली : तुम्ही कधी विचारलं नाही, नायक. तुरीच्या शेंगा देऊन जायचे फक्त.

प्रेमसिंग : आठ लोकं. माह्या मानीबाईनं वाहून नेलेल्या खोक्यातून. मले नाई समजत म्याडम, हे आयकून बरं वाटून घ्यावं का नाई.

रुपाली : दोन्ही असू द्या. आली पाहा राखी.

राखी : बसा, बापू. अर्धं टाइप केलं. अक्षरं पाचशेच्या आत पाह्यजे, म्हणून तुमची कहाणी नाही घेतली. नुसती सूचना घेतली. 'कलम सात बदलावे. वापर शून्य असला तरी लोकसंख्येनुसार किमान साठा ठेवावा.' बस. नीट आहे.

प्रेमसिंग : नीट आहे. पन कोनी नाई वाचनार.

राखी : काहून?

प्रेमसिंग : मुंबईत बसलेल्या मानसाले वाटीन, शून्य वापर आहे तर कीट कायले पाह्यजे? त्याले दिसलं पाह्यजे शून्य कसं झालं. एक मानूस सांगीन का मीच केलं, तवा त्याले पटन.

राखी : नाव-गाव सगळं छापते ते सूचनेसंगं. तांड्यातलं पोट्टं-पोट्टं मोबाईलवर वाचीन. म्हणतीन, नायकानं खोका परत पाठवला आणि घरचीच गेली. चालते तुम्हाले?

प्रेमसिंग : ते आताही म्हनतात. मले समोर नाई म्हनत एवढंच. लिव.

राखी : माह्या हातानं लिवायले लावता.

प्रेमसिंग : मले टाइप करता आलं असतं तर तुले पुसदहून नसतं बोलावलं.

राखी : खरंच? का मले ऐकवायलेच बोलावलं?

प्रेमसिंग : ...दोन्ही.

राखी : सांगा. हळू सांगा.

प्रेमसिंग : लिव. मी तांड्याचा नायक आहे. साथीत आमच्याकडे तपासनीचा खोका आला होता. लोक भ्याले होते. मी पन भ्यालो होतो. मी खोका परत पाठवला.

राखी : पुढं.

प्रेमसिंग : कागदावर शून्य लागलं म्हनून पुढचा खोका आला नाई. नऊ दिवसांनी माह्या बायकोले ताप आला. तवा लोकायचं भेव गेलं होतं, पन कीट नव्हती. म्हनून माहं म्हननं असं आहे का, जे गाव नाई म्हनते त्याचं सामान दुसऱ्याले देऊ नका.

रुपाली : थांबा. दुसऱ्याला नका देऊ म्हटलं, तर त्या आठ जणांचं काय?

प्रेमसिंग : हो. हो, बराबर. ते खोड. असं लिव, जिथं जास्त साथ आहे तिथं खुशाल न्या, पन नाई म्हननाऱ्या गावाच्या नावाचे पाच तरी राहू द्या, पंधरा दिवस. आमच्या आशाताईजवळ. गाव एका दिवशी नाई म्हनते, आठ दिवसांनी हो म्हनते. तेवढा टाइम कायद्यानं द्यावा.

राखी : कोणते आठ जण?

प्रेमसिंग : सांगतो, घरी जाता जाता. ते तुले आयकाचंच आहे.

रुपाली : आणि राखी, माझ्याकडूनही एक टाक. तक्त्यात नकाराचा रकाना वेगळा असावा. नाव टाकलं तरी चालेल, रुपाली, प्रयोगशाळा तंत्रज्ञ.

राखी : तुमची नोकरी आहे, ताई. वरून विचारतीन.

रुपाली : विचारू दे. मी पण चार वर्षं वाट पाहून राह्यली कोणी विचारते काय.

राखी : टाकलं. चारशे नव्वद अक्षरं झाली. बापू, तुमच्या फोनवर आकडा येईल. सहा अंक. वाचून सांगा.

प्रेमसिंग : नाई आला.

राखी : फोन खिशातून काढला तर दिसीन ना.

प्रेमसिंग : हं. चार... शून्य... नऊ... हा सात आहे का एक? चश्मा नाई आनला.

राखी : द्या इकडं. सात. झालं. गेलं. 'आपली सूचना प्राप्त झाली.' पावती नंबर पण आला. डोळे पुसा, बापू.

प्रेमसिंग : ते म्याडमनं नाकात काडी घातली ना, तवाचं आहे.

राखी : त्याले वीस मिनिटं झाली.

रुपाली : अगं बाई, वीस मिनिटं! आपण पाहिलंच नाही. हे पाहा नायक. एकच रेघ.

प्रेमसिंग : म्हंजे काही नाई?

रुपाली : काही नाही. साधा खोकला आहे. गरम पाणी प्या, आणि आभाळाला नावं ठेवा.

प्रेमसिंग : इतकंच होतं हे?

रुपाली : इतकंच.

राखी : चला बापू, एकची एसटी निघून जाईन.

प्रेमसिंग : म्याडम, ते वजनाचं राह्यलं.

रुपाली : काटा नाही माझ्याकडं. उचलूनच पाहा ना. हा नको, ह्यातली एक काढली तुमच्यासाठी. तो घ्या, वरचा. सीलबंद आहे, पुरा पंचवीसचा.

राखी : सांभाळून, बापू. जड आहे काय?

प्रेमसिंग : नाई. हलकाच आहे.